गाडी गरम होईपर्यंत : स्कूटरच्या ऑटो चोकवरील पुस्तकाची प्रस्तावना

सकाळी स्कूटर सुरू झाली नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो, मग प्लगवर, मग पंपावरच्या पेट्रोलवर आणि शेवटी अख्ख्या कार्बोरेटरवर. कार्बोरेटरच्याच अंगाला बसवलेले, दोन तारा बाहेर आलेले, अंगठ्याएवढे एक नळकांडे असते. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गॅरेजमध्ये त्याला ऑटो चोक म्हणतात. थंड इंजिनाला जादा पेट्रोल किती द्यायचे आणि ते केव्हा थांबवायचे, हा निर्णय एके काळी चालकाच्या हातात होता. तो काढून या नळकांड्याकडे सोपवला गेला. ते हा निर्णय कसे घेते, कुठे चुकते आणि चुकले तर ते ओळखायचे कसे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण त्यात रसायनशास्त्र आहे, उष्णताशास्त्र आहे, शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि आपल्या रस्त्यांवर अजून धावणाऱ्या असंख्य कार्बोरेटरवाल्या गाड्यांची रोजची तक्रारही आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करावी लागते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल का लागते? द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 35 ते 40 अंश सेल्सियसला उकळू लागतात, तर सर्वांत जड घटकांना 200 अंशांच्या आसपास जावे लागते. इंजिन तापलेले असले की सगळ्यांचीच वाफ होते. थंड असले की हलक्या घटकांपुरतीच होते, आणि उरलेले थेंब इनटेकच्या नळीच्या आतल्या अंगाला ओल धरून बसतात. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे प्रमाण पुस्तकात दिलेले असते. कार्बोरेटरने ते चोख पाळले, तरी थंड सिलिंडरमध्ये वाफेच्या रूपात पोहोचणारे पेट्रोल त्याहून पुष्कळ कमी असते. ठिणगी पडते, पण तिला पेटवायला पुरेसे काही मिळत नाही. यावर उपाय एकच : पेट्रोल इतके जास्त द्यायचे, की त्यातल्या हलक्या घटकांचीच वाफ ज्वलनाला पुरावी. बाकीचे वाया जाते, आणि ते वाया जाणार हे गृहीत धरूनच दिलेले असते.

अडचणी आणखी दोन आहेत. किक मारताना किंवा सेल्फ दाबताना इंजिन सावकाश फिरते. त्यामुळे कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा हळू वाहते आणि जेटमधून पेट्रोल ओढण्याएवढी ओढ तिच्यात नसते. शिवाय द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता शोषून घेते, म्हणजे आधीच थंड असलेली हवा आणखी थंड होते. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा 5 अंशांच्या खाली उतरतो, त्या पहाटे या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात त्या सौम्य असतात, पण नाहीशा होत नाहीत. चालत्या इंजिनाचे हेड 100 अंशांच्या वर गेलेले असते. त्याच्या तुलनेत 30 अंशांवरचे इंजिनही थंडच. ‘आपल्याकडे चोक लागतच नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे.

या अडचणीवर जगभर तीन वेगवेगळ्या वाटांनी उपाय झाले. मायबाखचा फवारा मारणारा कार्बोरेटर 1893 चा. त्यानंतरच्या काळात मोटारसायकलींवर सर्वांत सोपी युक्ती रूढ झाली ती टिकलरची. फ्लोट चेंबरवरचे बटण बोटाने दाबून फ्लोट खाली ढकलायचा, म्हणजे पेट्रोल काठोकाठ भरून गळ्यात सांडते. जुन्या बुलेटचा अमल कार्बोरेटर ज्यांनी हाताळला आहे त्यांना बोटांना लागणारे ते पेट्रोल आठवेल. बजाजची स्कूटर सकाळी तिरकी करून मग किक मारण्याची जी पद्धत महाराष्ट्रातल्या घराघरांत होती, ती याच घराण्यातली : पेट्रोल हलवून आत सांडवायचे. त्यात मोजमाप नाही, अंदाज आहे. आणि तो अंदाज माणसागणिक चांगला किंवा वाईट असतो.

दुसरी वाट हवा अडवण्याची. कार्बोरेटरच्या तोंडाशी एक पत्र्याची झडप ठेवायची आणि सुरू करताना ती बंद करायची. बाहेरची हवा अडली की इंजिनाची सगळी ओढ जेटवर येते आणि पेट्रोल भरपूर येते. मोटारींवर आणि शेतातल्या लहान इंजिनांवर हीच पद्धत सर्वाधिक रुळली.

तिसरी वाट या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. तिच्यात हवा अडवत नाहीत. मुख्य मार्गाच्या शेजारून एक छोटा स्वतंत्र मार्ग काढतात. त्याला स्वतःचा जेट असतो, स्वतःची हवा असते, आणि तो थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला उघडतो. मधे एक दट्ट्या बसवलेला असतो. दट्ट्या वर घेतला की जादा पेट्रोल आणि थोडी जादा हवा मिळते, खाली बसला की मार्ग बंद. चेतकच्या सीटखाली पेट्रोलच्या कॉकजवळ जो चोक ओढायचा असायचा, तो हवा अडवत नव्हता. तो हाच दट्ट्या उचलत होता. डेलॉर्टोच्या आराखड्यावरचे ते कार्बोरेटर आपल्याकडे इतकी वर्षे चालले, पण त्यांचा चोक हवा बंद करतो अशीच समजूत आजही बहुतेकांची आहे.

हा फरक पुस्तकी नाही. हवा अडवणाऱ्या चोकमध्ये सुरू करताना ॲक्सिलरेटर जरासा पिळलेला चालतो, कधी फायद्याचाही ठरतो. शेजारच्या मार्गाच्या चोकमध्ये मात्र ॲक्सिलरेटर पिळला की थ्रॉटल उघडतो, थ्रॉटलपुढची ओढ मोडते, आणि ज्या मार्गाने जादा पेट्रोल यायचे तोच कोरडा पडतो. सेल्फ दाबताना हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो, ही आपली सार्वत्रिक सवय. थंड ऑटो चोकवाल्या स्कूटरला ती उपाशी ठेवते. गाडी सुरू होत नाही म्हणून आलेल्या कितीतरी स्कूटरी ॲक्सिलरेटर सोडून सेल्फ मारल्यावर सुरू होतात. या पुस्तकातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ही राहावी.

हे काम आपोआप व्हावे यासाठीची धडपड मोटारींवर सुरू झाली. 1930 च्या दशकात अमेरिकी मोटारींवर द्विधातूच्या गुंडाळीचे चोक आले. दोन धातू सारख्या उष्णतेला वेगवेगळे प्रसरण पावतात. त्यांची जोडपट्टी तापली की वळते आणि हवेची झडप हळूहळू उघडते. गुंडाळी तापवायला एक्झॉस्टजवळची गरम हवा, पुढे इंजिनाचे पाणी, त्याहीपुढे वीज वापरली गेली. गवत कापणाऱ्या यंत्रांच्या छोट्या इंजिनांवर वेगळाच प्रयोग झाला : तिथे इंजिन फिरू लागताच निर्माण होणारी पोकळी एक पडदा ओढते आणि झडप उघडते. त्याला तापमानाशी फारसे देणेघेणेच नाही. आणि 1936 च्या सुमारास सर्जियस व्हर्ने यांनी मेणाच्या प्रसरणावर चालणारा घटक तयार केला. बंद धातूच्या कुपीत मेण भरायचे. ते वितळताना आकारमानाने 10 ते 15 टक्के वाढते आणि समोरची दांडी जोराने बाहेर ढकलते. मोटारीच्या रेडिएटरचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो. स्कूटरचा ऑटो चोकही त्याच कुळातला.

बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर ज्या घरांत गेली, तिथे चोक नावाची गोष्ट शिकवणेच उत्पादकांना नको होते. आपल्याकडे 1984 मध्ये कायनेटिक होंडाने या प्रकारच्या स्कूटरची सवय लावली. तरीही आपल्या बाजारात सरळ रेषेत काही घडले नाही. 2000 साली आलेली आणि पुढे सर्वाधिक खपलेली ॲक्टिव्हा बरीच वर्षे हाताच्या चोकवरच चालली. ऑटो चोकचा खरा जगव्यापी प्रसार झाला तो होंडाच्या आराखड्यावरून तैवानच्या किम्कोने घडवलेल्या जीवाय-6 घराण्याच्या इंजिनांमुळे. 50, 125 आणि 150 सीसीची ही इंजिने चीनमधल्या असंख्य कारखान्यांनी बनवली आणि ती आशियापासून अमेरिकेपर्यंत पोहोचली. या पुस्तकातले सविस्तर वर्णन याच इंजिनाच्या कार्बोरेटरवरचे आहे. त्याचा चोक खोलून पाहायला सोपा आहे आणि बाकीच्यांची रचना समजून घ्यायला तो पुरतो.

नळकांड्याच्या आत काय आहे? वरच्या बाजूला चपटी सिरॅमिकची चकती, बेरियम टायटनेटच्या जातीची. तिच्यातून वीज गेली की ती तापते. तिच्याखाली मेणाची कुपी, कुपीतून निघणारी दांडी, दांडीच्या टोकाला दट्ट्या आणि बारीक सुई, आणि या सगळ्याला वर ढकलणारी स्प्रिंग. मेण थंड असते तेव्हा स्प्रिंग जिंकते : सुई वर राहते, शेजारचा मार्ग उघडा राहतो. इंजिन सुरू झाले की मॅग्नेटच्या कॉइलमधून वीज येते, चकती तापते, मेण वितळू लागते, दांडी काही मिलिमीटर खाली सरकते आणि सुई जेट बंद करते. साधारण पाच मिनिटांत हे पूर्ण होते. चालू झाल्यावर चढलेली रेस हळूहळू आपसूक उतरते, ती यामुळेच.

चकतीची निवड मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. साध्या तारेची हीटर कॉइल वापरली असती, तर ती तापतच राहिली असती आणि तिला बंद करायला वेगळा स्विच लागला असता. ही सिरॅमिक चकती एका ठरावीक तापमानापलीकडे गेली की तिचा विद्युतरोध एकदम अनेक पटींनी वाढतो. वीज आपोआप कमी होते आणि तापमान तिथेच स्थिर राहते. गाडी दिवसभर चालली तरी चकती जळत नाही. स्विच नाही, सर्किट नाही. पदार्थाच्या गुणातच नियंत्रण बसवलेले आहे. याच गुणामुळे मेकॅनिकची एक फसगतही होते : चोक गरम असताना मीटर लावला, तर रोध भरमसाट दिसतो आणि चांगला चोक खराब ठरतो. मोजायचे ते पूर्ण थंड झाल्यावरच.

आता या पुस्तकामागच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. ऑटो चोकला इंजिनाचे तापमान कळत नाही. त्याला फक्त स्वतःचे तापमान कळते. इंजिन साधारण किती वेळात तापत असेल, याचा एक अंदाज बनवणाऱ्याने मेणाच्या प्रमाणात आणि चकतीच्या ताकदीत घालून ठेवलेला आहे, आणि चोक तो अंदाज रोज पुन्हा वठवतो. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत मेणाची कुपी थेट इंजिनाच्या पाण्यात ठेवता येते. तिथे ती खरोखर इंजिनाचेच ऐकते. हवेने थंड होणाऱ्या छोट्या स्कूटरला ती सोय नाही.

एवढे एक वाक्य पटले, की गोंधळात टाकणाऱ्या बऱ्याच तक्रारी सुटतात. नागपूरच्या मे महिन्यात इंजिन मिनिटा-दोन मिनिटांत सावरते, पण चोक आपला ठरलेला वेळ घेतो. भोवतालच्या उन्हाने मेण आधीच थोडे फुगलेले असते म्हणून जादा पेट्रोल कमी मिळते, ही त्यातली जमेची बाजू; तरी सुरुवातीची काही मिनिटे गाडी जड चालते. उलट निफाडला पहाटे गाडी स्टँडवर नुसती चालू ठेवली, तर पाच मिनिटांनी चोक बंद होतो आणि इंजिन मात्र अजून गारच असते. मग ते बंद पडते. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने निघून सावकाश चालवावे, भार पडला की इंजिन लवकर तापते. चहासाठी अर्धा तास थांबलो तर काय होते? एवढेसे मेण निवते, पण लोखंड आणि ॲल्युमिनियमचा सारा ठोकळा अजून गरम असतो. चोक पुन्हा उघडतो, गरम इंजिनाला नको असलेले पेट्रोल मिळते, आणि मालक म्हणतो, ‘गरम झाली की सुरूच होत नाही.’ ही चोकची बिघडलेली अवस्था नाही, त्याच्या अंदाजाची मर्यादा आहे.

खरे बिघाड दोन दिशांचे असतात. तार तुटली, जोड गंजला, चकती गेली किंवा कॉइलमधून वीजच येत नसली, तर मेण तापत नाही आणि चोक कायम उघडा राहतो. सकाळी गाडी झकास सुरू होते, म्हणून चोकवर संशयच येत नाही. पण प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घसरते, गरम गाडी सिग्नलला बंद पडते. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खालच्या ऑइलमध्ये मिसळते. छोट्या चार-स्ट्रोक स्कूटरमध्ये ते ऑइलच पाऊण लिटरच्या आसपास असते. पीयूसीच्या वेळी 2000 नंतरच्या, पण बीएस-6 पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची 3.5 टक्के मर्यादा आहे. उघडा राहिलेला चोक ती सहज ओलांडायला लावतो. उलट दिशेने, सुई चिकटली, मार्गात चिकट राळ साचली किंवा मेण फुगलेलेच अडकले, तर चोक कायम बंद. मग सकाळी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला जातो आणि दोष बॅटरीच्या माथी लागतो.

दोन्ही वेळा गॅरेजमध्ये हात आधी जातो तो स्लो स्क्रूकडे. थंड गाडी बंद पडते म्हणून स्लो वाढवतात; गरम झाल्यावर ती ओरडू लागते म्हणून एअर स्क्रू फिरवतात; आणि ठीक असलेला कार्बोरेटर बिघडलेल्या चोकभोवती जुळवून घेतला जातो. पुढच्या मेकॅनिकला मग मूळ दोष सापडणे जवळजवळ अशक्य होते. याबद्दल मला मनापासून तळमळ आहे, कारण यात कोणाचा आळस नसतो. चोक तपासायचा कसा, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

आता हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले आणि नव्या स्कूटरींवर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. तिथे चोक नाही. तापमानाचा सेन्सर इंजिनाला थेट विचारतो, संगणक त्यानुसार इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. पण त्याआधीच्या गाड्या अजून दूध पोहोचवतात, शाळेत मुले सोडतात, शेतावर डबा नेतात. नवीन मुले इंजेक्शन आणि विजेच्या गाड्या शिकत आहेत, ते योग्यच आहे. जुनी माहिती मात्र जुन्या हातांबरोबर चालली आहे. ती कधी कागदावर नीट आलीच नव्हती.

शिवाय पेट्रोलच बदलले आहे. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्या इथेनॉलचा काही वाटा आपल्याच उसाच्या पट्ट्यातून येतो. इथेनॉल हा एकच पदार्थ आहे, 78 अंशांना उकळणारा. त्यात हलके घटक नाहीत. त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि त्याला हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. ब्राझीलमध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारींना थंडीत सुरू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवावी लागे. आपले मिश्रण तिथवर गेलेले नाही. त्यातल्या पेट्रोलच्या हलक्या घटकांवर गाडी सुरू होते. मात्र पूर्वी अर्धवट चालणारा चोक खपून जायचा, तो वाव आता कमी झाला आहे. त्यात इथेनॉल पाणी ओढते, आणि चोकचा जेट हा कार्बोरेटरमधल्या सर्वांत बारीक छिद्रांपैकी एक.

पुस्तक कोणासाठी आहे, हेही स्पष्ट सांगतो. आयटीआयचे विद्यार्थी, एकट्याने गॅरेज चालवणारे मेकॅनिक आणि स्वतःची गाडी स्वतः पाहणारे मालक, असे तीन वाचक समोर ठेवले आहेत. एखाद्या कंपनीच्या एखाद्या मॉडेलचे हे मॅन्युअल नाही. आकडे मॉडेलगणिक बदलतात. ते कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. इथे क्रम शिकवायचा आहे : आधी लक्षण, मग थंड आणि गरम अवस्थेतली वर्तणूक, मग तारेतली वीज, मग चोक बाहेर काढून चाचणी, आणि हे सगळे झाल्यावरच स्क्रूला हात. शब्द गॅरेजमध्ये चालतात तेच ठेवले आहेत. इंजेक्शनवर एक भाग आहे, तो तुलनेपुरता. दोन-स्ट्रोक स्कूटरींचा भाग मात्र मुद्दाम मोठा ठेवला, कारण त्या अजून जपणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांना विचारायला जागा उरलेली नाही.

पुस्तकातल्या चाचण्या नुसत्या वाचू नका, करून पाहा. चोक काढून थंड करा, दांडीची लांबी मोजा, दोन्ही तारांना 12 व्होल्टची बॅटरी पाच मिनिटे जोडा आणि पुन्हा मोजा. दांडी वाढली तर चकती आणि मेण ठीक आहेत. दोष तारेत, वीजपुरवठ्यात किंवा छिद्रात शोधा. वाढली नाही, तर चोक बदला. एवढी काळजी मात्र घ्या : ही चाचणी गाडीपासून दूर, उघड्या हवेत करा. कार्बोरेटर उघडा असताना, आसपास पेट्रोलचा एक थेंबही असताना बॅटरीच्या तारा जोडू नका.